आयेच्या नावावर छापलेलं माडगं

विट्याच्या मोटार स्टँडवर आम्ही सकाळपासून बसून होतो आणि मोटार काही सुटायचं नाव घेत नव्हती. लढाईचे दिवस. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारीच्या मागे कोळशाची भट्टी बसवलेली असायची आणि तिच्या गॅसवर गाडी चालायची. चालायची म्हणजे चाललीच तर. क्लीनर त्या भट्टीचा पंखा फिरवून घामाघूम झाला होता, आमचे हे उगीच घड्याळ काढून बघत होते आणि आये माझ्या ट्रंकेला टेकून खाली बसली होती. गावापासून विट्यापर्यंत ती चालत आली होती. बैलगाडीत तिच्यापुरती जागा होती, पण जावयाच्या शेजारी बसून यायचं तिला बरं दिसेना. गाडीच्या मागून ती चालत राहिली आणि मी पुढं बसून सारखी मागे बघत राहिले.

तिच्या मांडीवर एक गाठोडं होतं. ते तिने मोटारीचं इंजिन गुरगुरेपर्यंत सोडलं नाही. मग एकदम माझ्या हातात कोंबलं. आत हुलग्याचं पीठ होतं, माडग्याचं. "हिकडं बग," ती म्हणाली, "तिकडचं पानी मानवलं न्हाई, जीव कसनुसा झाला, तर माडगं करून पी. आन् रडत बसू नगंस. रडून काय हुतंय?" एवढंच. मला पुढे कितीतरी जणींनी विचारलं, तुझी आई रडली का गं त्या वेळी. आता काय सांगणार? त्या भट्टीचा धूर एवढा होता की सगळा स्टँडच डोळे पुसत होता.

कराडला आगगाडी, पुण्याला बदलायची, कल्याणला बदलायची, पुढे झाशीवरून कानपूर. डब्यात शिपाईच शिपाई. त्यातले काही आपल्याच साताऱ्याकडचे होते. त्यांनी मला बसायला जागा करून दिली आणि हे दारापाशी उभे राहिले. मी ते गाठोडं कुशीत घेऊन बसले होते. ट्रंकेत शालू होता, पण मला काळजी पिठाची होती.

माडगं म्हणजे काय हे आता आमच्याच नातवंडांना सांगावं लागतं, म्हणून सांगते. हुलगे म्हणजे कुळीथ, ते भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, ते सावलीत वाळवायचे, मग खापरावर मंद भाजायचे आणि जात्यावर दळायचे. ते पीठ पाण्यात कालवून उकळतं ठेवायचं, गूळ, सुंठ, किसलेलं खोबरं, मिठाची कणी, वरून घरचं तूप. वाटीत ओतलं की पातळ असतं, निवताना दाटतं. दिसायला मातकट. चवीला कसं ते मला लिहिता येत नाही. आजारी माणसाला देतात, बाळंतिणीला देतात, आणि थंडीत सगळ्या घराला देतात. आमच्या गावात कुणाकडेही बाळंतपण झालं की आयेला बोलावणं यायचं. भाजणं तिचं. हुलगा कुठवर भाजायचा हे ती वासावरून ठरवायची, आणि त्या वेळी शेजारी कुणी बोललेलं तिला खपायचं नाही. घराघरातून तिच्या माडग्याचं कौतुक व्हायचं, पण तिचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. वडील लवकर गेले. गाव तिला बाबूची आये म्हणायचं, बाबू म्हणजे माझा थोरला भाऊ. सगुणा हे नाव तिला आहे हे मला माझ्या लग्नात भटजींनी विचारलं तेव्हा कळलं.

कानपुरात आमचं दुकान सराफ्याच्या मागच्या गल्लीत होतं. आमच्या विट्याकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलीत. सोनारांकडचं मोडकं सोनं घ्यायचं, त्यांच्या दुकानातली झाडलोटीची मातीसुद्धा घ्यायची, ती भट्टीत घालायची, तेजाबात म्हणजे ॲसिडात घालायची आणि त्यातून शुद्ध सोनं वेगळं काढायचं. पुढे दुकान, मागे एक खोली. त्या खोलीत माझा संसार. तेजाब उकळायला लागलं की पिवळा धूर पडद्याखालून आत यायचा आणि माझ्या चुलीवर बसायचा. पितळेची भांडी घासून ठेवली की दुपारपर्यंत हिरवी. पहिल्या वर्षी मी हौसेने गच्चीवर सांडगे घातले. वाळले तेव्हा त्यांना असा वास मारत होता की गाईनेही तोंड फिरवलं. जातं आणायचं म्हटलं तर वरचा घरमालक म्हणाला, "फर्श हिल जाएगा." खलबत्त्यात कुटायचं तेही तो देवळात गेल्यावर.

पहिल्याच थंडीत मी माडगं केलं. शेजारची मिश्राइन नाकाला पदर लावून आली आणि म्हणाली, "बहू, किसकी दवा बना रही हो?" मी म्हटलं, दवा नाही, आमच्याकडचं आहे. ती हसली. त्या मोहल्ल्यात माझं नाव पडलं मरहठिन, आणि माझ्या स्वयंपाकाचं नाव पडलं दवा. मी पीठ पुरवून पुरवून वापरलं. डब्याच्या तळाशी गेलं तेव्हा त्यात बोट फिरवून कोरडंच चाटलं. त्यानंतर कित्येक वर्षं मला एकच हवं होतं. गावी जावं, आयेच्या चुलीपाशी भिंतीला टेकून बसावं आणि तिने केलेलं माडगं प्यावं. दुसरं कुठलंही सुख मी मागितलं नाही. यांना एकदा तसं बोलून दाखवलं तर म्हणाले, "इथं काय उपाशी ठेवलंय व्हय तुला?" त्यानंतर मी बोलले नाही.

आता माईंबद्दल. कानपुरात गलाईवाल्या घरांचं एक मंडळ होतं आणि त्याच्या अध्यक्षांच्या पत्नी त्या माई. साताऱ्यात वाढलेल्या, इंग्रजी शाळेत गेलेल्या, त्यांच्या घरात टेबल होतं आणि त्यावर जेवत. माई वाईट नव्हत्या. हे लिहिताना मला त्रास होतो, पण मी तापाने फणफणले होते तेव्हा रोज गड्याबरोबर डब्यातलं दूध त्यांनीच पाठवलं. लढाई संपली आणि पलटणीचा उरलेला माल बाजारात यायला लागला. दुधाचे डबे, बिस्किटांचे पत्र्याचे खोके, वाटाण्याचे डबे, कस्टर्डची पावडर. वनस्पती तूप तर आधीपासून होतंच. माईंच्या मनात आलं की आपल्या बायकांसाठी एक पाककृतींचं पुस्तक काढावं. गावाकडचे पदार्थ, प्रत्येकीने आपल्या घरातला एक सांगायचा.

हळदीकुंकवाला आम्ही सगळ्या त्यांच्या कोठीवर जमलो. बायका लाजत लाजत एकेक सांगत होत्या, कुणी तेलच्या, कुणी शेंगोळे, कुणी धपाटे. माई लिहून घेत होत्या. माझी पाळी आली तेव्हा मी लाजले नाही. मी आयेचं माडगं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. मोड किती आणायचे, खापर कसं तापवायचं, सगळं. आणि म्हटलं, "माझं नाव नका घालू. माझ्या आईचं घाला. सगुणाबाई." माईंनी मान वर करून बघितलं. "हुलगे?" त्या म्हणाल्या. "अगं, आपल्याकडे बैलांना घालतात." सगळ्या हसल्या. त्यात ज्यांच्या बाळंतपणात घागरभर माडगं गेलं होतं त्याही हसल्या. मी म्हटलं, "बैलांना घालतात म्हणून तर बैल चालतात, माई." तेव्हाही हसल्या. पण माईंनी लिहून घेतलं, आईचं नावही लिहून घेतलं, आणि मी घरी येताना रस्ताभर उडत आले. जिचं नाव गावात कुणी उच्चारलं नाही तिचं नाव छापून येणार होतं.

पुस्तक आलं. गुलाबी पुठ्ठा, त्यावर समई. मी आधी आईचं पान काढलं. वर ठसठशीत अक्षरांत, गं. भा. सगुणाबाई यांचे माडगे. आणि खाली: दोन चमचे कस्टर्ड पावडर थंड पाण्यात कालवावी. डब्यातले दूध घालून शेगडी अथवा स्टोव्हवर दाट होईपर्यंत ढवळावे. साखर घालावी. एक चमचा वनस्पती तूप सोडावे. बिस्किटाचा चुरा भुरभुरून गरम वाढावे. हुलगे न मिळाल्यास हरकत नाही.

हुलगे न मिळाल्यास हरकत नाही! हे वाक्य मी आजही स्वयंपाक करताना कधीकधी मोठ्याने म्हणते आणि सुना एकमेकींकडे बघतात. मी बाकीची पानं उलटली. पुरणपोळीत पुरणाऐवजी बिस्किटं. आमटीत चिंच-गुळाऐवजी बाटलीतला टोमॅटोचा सॉस. धपाटे पावाचे. उसळ डब्यातल्या वाटाण्याची, म्हणजे डबा उघडायचा आणि गरम करायचा, त्यालाही पाककृती म्हणायचं आणि खाली कडेगावच्या एका बिचारीचं नाव. मागच्या पानावर वनस्पती तुपाच्या दुकानदाराची जाहिरात. सगळे पदार्थ आमचे, सगळी नावं आमची, आणि आत एकाही मुलखाची चव नाही.

मी माईंकडे गेले. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुला जातं आहे का? खापर आहे? अंगण आहे? इथे आलेल्या पोरींनी काय करायचं मग? सोपं करून द्यायला नको?" माझ्याकडे यातलं खरोखरच काही नव्हतं. त्या म्हणाल्या ते खरं होतं आणि तरी ती लबाडी होती. सोपं करायचं तर करा, पण मग त्याला माडगं कशाला म्हणता, आणि माझ्या आईचं नाव कशाला? हे मला घरी आल्यावर सुचलं. यांना सांगितलं तर म्हणाले, "नाव छापलं ना आईचं? मग झालं की. आन् माईंच्या तोंडाला लागू नगंस, आपल्याला ह्या गल्लीत जागा त्यांनीच मिळवून दिलीय." म्हणजे माझं तोंड बंद. मी ते पुस्तक ट्रंकेच्या तळाशी घातलं आणि ठरवलं की आयेपर्यंत हे कधी जाऊ द्यायचं नाही.

पण मंडळाला आपल्या कर्तबगारीची दवंडी पिटायची होती. जत्रेला गावी निघालेल्या माणसांबरोबर त्यांनी गावोगाव प्रती धाडल्या. आमच्या वहिनी, बाबूदादाची बायको, चौथी शिकलेल्या. त्यांनी पुस्तक उघडून पहिलं सासूचं नाव वाचून दाखवलं. हे मला पुढे त्यांच्याच पत्रातून कळलं. आये म्हणे हातातलं काम ठेवून जवळ येऊन बसली. मग तिने विचारलं, सगुणा म्हंजी मीच का. वहिनी हो म्हणाल्या. तिने ते अक्षर कुठलं ते बोट ठेवून बघून घेतलं, पुस्तक देव्हाऱ्यात ठेवलं आणि त्याच्या पुठ्ठ्याला हळदकुंकू लावलं. खालचं माडगं वाचून झाल्यावर ती काय म्हणाली ते मात्र वहिनींनी मला तेव्हा सांगितलं नाही.

इथे मला मध्येच आजचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते पुस्तक मेलं नाही. आमच्या मंडळातल्या नव्या सुना त्याची आता नवी आवृत्ती काढताहेत. त्यांच्या आयांनी कानपुरात, लखनौत, पाटण्यात ते पिवळं माडगं प्रत्येक बाळंतपणात केलं. या पोरी त्यावर वाढल्या. परवा त्यातली एक माझ्याकडे आली, माझी मुलाखत घ्यायला, आणि म्हणाली, "आजी, आपलं पारंपरिक माडगं पहिल्या पानावर टाकतोय आम्ही." मी तिला खरं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, गुणी पोर आहे. मग म्हणाली, "लेकिन आजी, हमारे लिए तो घर का स्वाद यही है ना." तिचं खोटं नव्हतं. मला इतका राग आला की मी तिला चहासुद्धा विचारला नाही. हुलगे आता इथे मिळतात, औषधी म्हणून, छोट्या पुडीत. ते आणून कुणी भाजत नाही, आणि मला आता खापरापाशी बसवत नाही.

तर मी सांगत होते गावी गेल्याचं. लढाई संपून दुसरा हिवाळा होता आणि मला दिवस राहिले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे यांना नाही म्हणता येईना. गेल्यापासून मी एकदाही गावी आले नव्हते. कधी दुकान, कधी लढाई, कधी सासूबाईंचं आजारपण. गाडीत बसल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. हुलग्याची काढणी झाली असेल, नवे हुलगे असतील, आये भाजत असेल. झाशीला लोक पुऱ्या घेत होते, मी घेतल्या नाहीत. पोट रिकामं ठेवून मी निघाले होते.

बाबूदादा विट्याला बैलगाडी घेऊन आला. घरी पोचले तर सोप्यात, पाहुण्यांना बसवतात त्या पुढच्या पडवीत, नवी सतरंजी अंथरलेली, लोड ठेवलेला. भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, आये माझ्या तोंडावरून हात फिरवत राहिली. ती वाळली होती. मी सरळ आत चुलीकडे निघाले तर तिने दंडाला धरून मला सोप्यात बसवलं. "धुरात कशाला जातीस? तुला सवं न्हाई ऱ्हायली आता. बस हितं." मी बसले. मला वाटलं, पोटुशी आहे म्हणून. ती आत गेली आणि बऱ्याच वेळाने कपबशी घेऊन आली. आमच्या घरात कपबशी नव्हती कधी. नवी कोरी, निळ्या फुलांची. तिने ती दोन्ही हातांनी धरली होती, सांडू नये म्हणून पावलं मोजत चालत होती.

कपात पिवळं काहीतरी होतं. त्यावर वनस्पती तुपाचा डाग आणि बिस्किटाचा चुरा. बाबूदादा कौतुकाने म्हणाला, "सांगलीस्नं पुडा आणलाय पिवळ्या पिठाचा. इट्यात मिळना. डबा दुधाचा बी सांगलीचाच. आये म्हनली, ताराला करायचं तर पुस्तकातल्यावानी करायचं." सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी एक घोट घेतला. गोड, गुळगुळीत, औषधासारखा वास. आणि तेवढ्यात आतून मला भाजलेल्या हुलग्याचा वास आला.

मी कप खाली ठेवला आणि आत बघितलं. वहिनी चुलीपाशी बसून पोरांना वाट्यांतून माडगं ओतत होत्या. मातकट, वाफाळलेलं. धाकटं पोरगं फुंकर मारत होतं आणि त्याच्या ओठांवर पांढरं खोबरं चिकटलं होतं. मी म्हटलं, "आये, मला त्यातलं दे."

"अगं, ते नगं," आये म्हणाली. "ते आमच्या घरच्या माणसांचं हाय."

मी तिथेच उभी राहिले. तिला काही मला लागेल असं बोलायचं नव्हतं, ती तर मला मान देत होती. आमच्याकडे रीतच आहे ती. घरच्यांना गुळाचा चहा, पाहुण्याला साखरेचा. घरच्यांना भाकरी, पाहुण्याला गव्हाची पोळी. जे विकत आणलेलं ते पाहुण्याचं, जे घरात पिकलेलं ते आपलं. लहानपणी मी पाहुण्यांच्या ताटाकडे आशाळभूतपणे बघत असे. आता ते ताट माझ्यापुढे आलं होतं आणि मला हंबरडा फोडावासा वाटत होता.

"आये, मी ते पुस्तकात सांगितलं न्हाई," मी म्हटलं. कानपुरातली सगळी भाषा गळून पडली होती माझी. "मी तुझंच सांगितलं हुतं. हुलग्याचं. समदं जसंच्या तसं. त्यांनी बदललं."

वहिनींचं ओतणं थांबलं. आयेने हळूच विचारलं, "आन् नाव? नाव बी त्येंनीच घातलं व्हय?"

"न्हाई. नाव मी सांगितलं."

"मंग झालं," ती म्हणाली आणि सतरंजीच्या कडेला बसली. मग म्हणाली, "वयनीनं वाचलं तवाच मला कळलं हुतं, हे माजं न्हाई. पर मी म्हनलं, लेकीनं सांगितलंय म्हंजी ती तिकडं आता हेच खाती. तिचं पोट आता तिकडचं झालं. हितलं तिला सोसायचं न्हाई. म्हनून मी चार वेळा करून बगितलं, हात बसावा म्हनून. पोरांनी थुकून टाकलं."

वहिनींनी मला जे सांगितलं नव्हतं ते हे होतं. माझ्या आयेने ते पुस्तक माझं पत्र म्हणून वाचून घेतलं होतं. त्या गुलाबी पुठ्ठ्यात तिला एवढंच ऐकू आलं की लेक बदलली. माईंनी माझ्या आईचं माडगं पळवलं एवढंच मी समजत होते. त्यांनी मला माझ्या आईच्या चुलीपासून उठवलं होतं, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. मी माईंना त्यासाठी कधी माफ केलं नाही. त्या वारल्या तेव्हा मी त्यांच्या दारात गेले, रीत म्हणून. डोळ्यांत पाणी आलं नाही.

त्या दिवशी मी तो कप संपवला. तिने एवढा खटाटोप केला होता, टाकणार कसा? शेवटचा घोट घेताना माझं तोंड वाकडं झालं आणि आये म्हणाली, दिवस गेलेत म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर ती चुलीपाशी खापर घेऊन बसली होती. मी जाऊन भिंतीला टेकून बसले. या वेळी तिने मला उठवलं नाही. नवे हुलगे आधीच मोड आणून वाळवून ठेवलेले होते. ती भाजत होती आणि मी बोलत नव्हते, वहिनी बोलत नव्हत्या. मग जात्याची घरघर, मग आधणाचा आवाज. गूळ तिने मुठीने घातला. सुंठ उगाळली. घरच्या तुपाची धार सोडली. कपबशी नाही, नेहमीची काशाची वाटी. ती वाटी तिने माझ्या हातात दिली आणि मी ओठाला लावली.

ते तेच होतं. मी गावातून नेलं होतं तेच, डब्याच्या तळाशी बोट फिरवून चाटलं होतं तेच. एवढ्या वर्षांचा उपास सुटला असं मला वाटलं. आणि आये माझ्यासमोरून हलली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली आणि तिने विचारलं, "बरं झालंय का गं? तुला चालंल का?"

आयेने आयुष्यात आम्हाला कधी हे विचारलं नव्हतं. बाबूदादाला नाही, मला नाही. तिने वाढायचं आणि आम्ही खायचं. खारट झालं तर आम्ही कुरकुर करायची आणि तिने म्हणायचं, गुमान गिळा. चालेल का, हे सोप्यात बसलेल्या माणसाला विचारतात.

मला म्हणायचं होतं, असं विचारू नगंस. तोंडातून निघालं, "लय भारी झालंय." सोप्यात बसलेली माणसं असंच म्हणतात. तिचा चेहरा उजळला. तिने आणखी घेण्याचा आग्रह केला आणि मी पुरे पुरे म्हणत वाटीवर हात ठेवला.

त्यानंतर ती बरीच वर्षं होती. मी गेले की ती माडगंच करायची, पिवळं पुन्हा कधी केलं नाही. आणि प्रत्येक खेपेला वाटी देऊन समोर उभी राहून विचारायची, चालंल का. मी प्रत्येक खेपेला भारी झालंय म्हणायची. बाबूदादाला ती शेवटपर्यंत गुमान गीळ म्हणत राहिली, आणि मला त्याचा असा हेवा वाटायचा की मी त्याच्या ताटाकडे बघू शकत नसे.

गावात राहिलेल्यांनो, तुम्ही म्हणता आम्ही बाहेर जाऊन सुखी झालो. आणि माझ्यासारख्या गेलेल्यांनो, तुम्ही विचारता की इतकी वर्षं कानपुरात काढल्यावर तुझं घर नेमकं कुठलं, हे की ते. इथे माझ्या सुना रोज ताट वाढून विचारतात, अम्मा, ठीक बना है? चांगल्या आहेत बिचाऱ्या. ज्या घरात मला कुणी काही विचारत नव्हतं ते माझं घर. ते विट्याजवळ होतं, आणि माझ्या आईने वाटी पुढे करून मला चालेल का म्हणून विचारलं त्या सकाळी ते संपलं.